बिनशिक्क्याची थैली

फोर्ट विल्यम,
३ जून २०२४

प्रिय यूअन,

तू बरा असशील अशी आशा करते. माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं ठीक. पाऊस आहे, चिलटं आहेत, आणि नवे पाद्री प्रवचन असं लांबवतात की मागच्या बाकावरचे लोक जेवणाच्या वेळेला पापी होऊन बाहेर पडतात. नाताळ नसताना माझं पत्र पाहून कोणी गेलं की काय असं तुला वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. माझ्या ऊनाचा रूरी लग्न करतोय.

शनिवार, १४ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजता, आपल्याच चर्चमध्ये. माझी लेक रीतसर पत्रिका पाठवीलच. तू कॅनडाहून येशील असं मी धरलेलं नाही. बाबांना पोचवायलाही तू आला नव्हतास. पण घरातलं वडील माणूस आता तूच, तेव्हा तुला कळवणं माझं काम.

मुलगी कर्स्टी. जनावरांची डॉक्टर आहे. मनगट भक्कम, बोलणं सरळ, आणि माझं बार्लीचं सूप दोनदा मागून घेते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे नव्हती, मागच्या रविवारपर्यंत.

आता मुद्द्यावर येते. हे मला कोणाला तरी सांगितलंच पाहिजे, आणि इथे ऐकून घेणारी माझ्या वयाची माणसं एकेक करून चर्चच्या मागच्या आवारात जाऊन झोपली आहेत.

रूरीने बाबांचं बॅजरचं स्पोरन घालायला नकार दिला.

तुला ते आठवत असेल. किल्टवर पुढे बांधायच्या त्या थैलीला जनावराचं पूर्ण मुंडकं, नाकापासून कानांपर्यंत, वर चांदीची कड, खाली सहा गोंडे. बाबा त्यात बोहल्यावर उभे राहिले, माझा डोनल्ड राहिला, ऊनाचा नवरा राहिला, आणि त्याला तर ते शोभतही नव्हतं. मी दोन संध्याकाळी बसून त्याचे केस विंचरले, साखळीला तेल दिलं, गोंडे एकेक करून वाफेवर सरळ केले, आणि रविवारी जेवणानंतर टेबलाच्या मधोमध आणून ठेवलं.

रूरी बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "आजी, हा माझ्याकडे बघतोय."

"त्याला डोळे नाहीत."

"तेच तर."

कर्स्टी म्हणाली, "गुरुवारीच मी यांच्यातल्या एकाच्या पायाला टाके घातले. तो डोंगरात परत गेला. त्याचा काका माझ्या नवऱ्याच्या पोटावर लटकलेला मला नको."

"हा एकोणीसशे एकतीस साली मेला," मी म्हटलं.

"मग त्याला आता पुरू या," आमचे नवरदेव म्हणाले.

मी सीलच्या कातड्याचं दाखवलं, ते चांदीच्या कडीचं. ते संध्याकाळच्या जेवणाला घालतात, सकाळी अकराच्या लग्नाला नाही, हे मला माहीत आहे. पण मी तेवढी पडती बाजू घेतली. तर म्हणतो, फार चकाकतं. घोड्याच्या केसांचं मी बाहेरच काढलं नाही. ते बॅगपाइप वाजवणाऱ्यांसाठी असतं. हातात पाइप नसताना गुडघ्यापर्यंत पांढरे केस लोंबकळत चालणारा माणूस मला कायम दाढी चुकीच्या जागी उगवल्यासारखा दिसतो. हाय स्ट्रीटवर किल्ट भाड्याने देणारं जे दुकान झालंय, तिथे काचेत एक पुतळा उभा आहे: पायात खेळाचे बूट, अंगात टी-शर्ट, आणि पुढे घोड्याचं शेपूट. मी आत जाऊन त्या पोरीला विचारलं, हा गृहस्थ निघालाय कुठे? ती म्हणाली, "बाई, तो पुतळा आहे." मला उत्तर मिळालं.

आणि मग रूरीने मला शिकवायला घेतलं. मला. चाळीस वर्षं आपल्या दुकानात ज्या बाईने या गावातल्या निम्म्या नवरदेवांच्या कमरेची मापं घेतली, तिला. म्हणे, "आजी, किल्टला खिसा नसतो म्हणून पुढे थैली. एवढाच मूळ मुद्दा ना? रुमाल, चावी, कर्स्टीची अंगठी. त्याला मुंडकं कशाला हवं?"

मी म्हटलं, "टोपी डोकं झाकायला असते, तर उद्या तू चर्चमध्ये टोपलं घालून ये."

आता त्याला हवंय ते काय, ते ऐक. एक चामड्याची थैली. तपकिरी. गोंडे नाहीत, चांदी नाही, केसाचा एक तंतू नाही. झाकणाची एक कड तिरपी कापलेली, आणि बंद करायला एक खुंटी. बस. कुठून तरी त्याच्या हाती लागली आणि तेव्हापासून तो ती घेऊनच हिंडतोय. असली साधी थैली गुरं हाकायला ठीक, मासे धरायला ठीक. पण लग्न म्हणजे लग्न आहे. त्या दिवशी माणसाने थोडं अवघडून उभं राहावं असं माझं मत आहे. नाकापेक्षा मोती जड असला तर असू दे, एक दिवस मान ताठ राहते.

शिवण चांगली आहे, एवढं मान्य करते. दोन सुयांची, हाताची, इंचाला नऊ टाके. आजकाल असं कोणी शिवत नाही.

तर माझी विनंती एवढीच की तू त्याला चार ओळी लिही. त्याचा तुझ्यावर उगीच जीव आहे. न पाहिलेल्या माणसावर जीव लावणं सोपं असतं. लिही की आपल्या घरात नवरा मुलगा बॅजर घालतो. कारणं देऊ नकोस. कारणं दिली की ही पिढी त्यांना उत्तरं देते.

गुडघ्यांना जप. तुझेही माझ्यासारखेच असणार, ते आईकडून आलेत.

तुझी,
एफी


फोर्ट विल्यम,
१ जुलै २०२४

प्रिय यूअन,

पत्र मिळालं. चार ओळी लिही म्हटलं तर तू चारच लिहिल्यास, आणि त्याही मला. "मुलाला हवं ते घालू दे. बॅजर मला लहानपणीही आवडत नव्हता. तब्येत बरी आहे. त्या थैलीची खुंटी शिंगाची आहे का?"

धन्यवाद. मदत मागितली की माणूस कसा उपयोगी पडतो ते कळलं.

तुझ्या माहितीसाठी, मधल्या काळात काय काय झालं ते सांगते. ऊनाने रूरीची समजूत घातली की आजीसाठी निदान एकदा तरी बॅजर बांधून बघ. त्याप्रमाणे तो मागच्या शनिवारी आला, किल्ट नेसला आणि मुकाट्याने उभा राहिला. मी स्वतः वाकून साखळी बांधली. वेस्टकोटच्या खाली चार बोटं, न जास्त न कमी. दिसत होता राजासारखा. डोळ्यांत पाणी यावं असा. मग कर्स्टीला बुद्धी झाली. म्हणाली, "यात नाचता येईल का, ते बघू या."

मी सांगितलं की नाचताना स्पोरन सरकवून कमरेच्या बाजूला घेतात, आईच्या दुधाबरोबर शिकायची गोष्ट आहे ही. पण बॅजर बाजूला घेतला की तो कोपराखालून डोकावतो. माझ्या स्वयंपाकघरात दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला त्याच्या साखळीत टेबलक्लॉथ अडकला आणि आईची निळी चहाची किटली खाली आली. झाकण वाचलं. रूरी खाली बसून तुकडे गोळा करू लागला तर बॅजरचं नाक साखरेत.

कर्स्टी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग माझं तोंड पाहून थांबली, आणि तिने न सांगता झाडू आणला. ते मी लक्षात ठेवलंय.

नंतर त्याने ती दुसरी थैली बांधली. तशीच, चेष्टेत. आणि पुन्हा नाचले. काही हललं नाही, काही वाजलं नाही, कुठे अडकलं नाही. तो विसरूनच गेला की कमरेला काही आहे. आणि मी, टेबलाशी हात बांधून उभी, बघत होते की ती तिरपी कड किल्टच्या चुणीशी कशी बरोबर जुळते. पुढे चुणी नसते, सपाट असतं, हे तुला माहीत आहे. पण चालताना बाजूची चुणी उघडते तेव्हा ती कड आणि ती चुणी एका रेषेत येतात. हे योगायोगाने होत नाही. कोणीतरी माणसाला चालायला लावून, त्याच्या मागेपुढे फिरून, मग कापलेलं असतं.

म्हणून मी आणखीच चिडले.

रूरीने ती काढून आतून पाहिली आणि म्हणाला, "आजी, यात शिक्का नाही."

आपल्या दुकानाचा नियम त्यालाही पाठ आहे. झाकणाच्या आत शिक्का बसल्याशिवाय वस्तू उंबरा ओलांडत नाही. दुकान विकून नऊ वर्षं झाली, तरी शिक्का माझ्याकडेच आहे, चहाच्या जुन्या डब्यात. तो म्हणाला, "तू मार ना. मग ती आपली होईल."

"मी मारणार नाही."

"का?"

"ती आपल्या दुकानची नाही."

"मग तुझ्या कपाटात, हिवाळी पांघरुणांच्या खाली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून काय करत होती?"

हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण त्याचा विषयाशी संबंध नाही. चाळीस वर्षं दुकान चालवलं की लोक काय काय आणून टाकतात. दुरुस्तीला देतात, न्यायला येत नाहीत, मरून जातात. बाई माणूस ते उचलून कुठेतरी ठेवते. रूरी पांघरूण शोधायला गेला होता, त्याला ती मिळाली. यात एवढं विचारण्यासारखं काही नाही.

खुंट्या लाकडाच्या असतात, हाडाच्या असतात, शिंगाच्याही असतात. मी बघितलेलं नाही.

येणार की नाही तेवढं ऊनाला कळव. तिला जेवणाची पानं मोजायची आहेत.

पूर्ण नावाने सही करते,
युफेमिया


फोर्ट विल्यम,
२८ जुलै २०२४

यूअन,

खुंटी शिंगाचीच आहे. बेन डोंगराच्या उत्तरेच्या उतारावर आपल्याला हरणाचं गळलेलं शिंग सापडलं होतं, त्याच्या टोकाची. तू ती गुडघ्यावर धरून तासत होतास आणि मी शेजारी बसून ओटकेक खात होते. तुला हे पहिल्या पत्रातच कळलं. चारपैकी तीन ओळी तू उगीच लिहिल्या होत्यास.

सिस्टर इग्नेशिया शाळेत आमच्याकडून पाद्र्यापुढे द्यायच्या कबुलीची तालीम करून घ्यायच्या. एकदा मी सुरुवात केली, "मार्गारेटने माझी रिबीन ओढली म्हणून…" तर त्यांनी पट्टी टेबलावर आपटली. "ही कबुली नाही, ही चहाडी आहे. वाक्य 'मी'पासून सुरू कर." गेल्या दोन पत्रांत मी रूरीची चहाडी केली, कर्स्टीची केली, भाड्याच्या दुकानातल्या पुतळ्याचीही केली. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी दुकानात बाबांच्या तोंडून तू जे ऐकलंस, "पोस्टमनची थैली आहे, पत्रं तेवढी राहिली." ते बाबांचं नव्हतं. मी बोलले ते.

ऑक्टोबर बहात्तर, शुक्रवार. तू स्वतः शिवलेली थैली शिक्क्यासाठी बाबांच्या टेबलावर ठेवलीस आणि बाहेर मालाची गाडी आली म्हणून गेलास. बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली, बराच वेळ, आणि मागच्या खोलीकडे हाक मारली, "एफी, तुला काय वाटतं गं?" मी सहा वर्षं त्या खोलीत गोंडे बांधत होते, यूअन. चौदाव्या वर्षापासून, शाळा सुटली की. सहा वर्षांत मला काय वाटतं हे त्या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं. मी बाहेर आले, हातात अर्धा गोंडा, समोर ते मेजरसाहेब गिऱ्हाईक म्हणून बसलेले. आणि माझ्या मनात आलं की आता काहीतरी असं बोलावं की दोघे हसतील. दोघे हसले. तू आत आलास तोवर बाबा तेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगत होते. माझ्याकडे बघून तू खांदे उडवलेस, जणू आपण दोघे एका बाजूला आहोत. मी मान खाली घातली.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर तू घर सोडून गेलास. थैली टेबलाखाली पडली होती. मी ती चोरायला उचलली नाही, एवढं मला म्हणू दे. एकाच कातड्याची घडी, एकच शिवण, आणि तरी पुढे फुगवटा येतो, हे तू कसं बसवलंस ते मला बघायचं होतं. मी ती वर खोलीत नेली आणि आठ दिवस बघत बसले. चार वेळा कागदावर काढून पाहिलं, जमलं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी बाबा मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. एका हातात शिक्का, एका हातात लाकडी हातोडा. म्हणाले, "यूअनची ती वस्तू कुठाय? आण इकडे."

मी म्हटलं, "तो जाताना स्टोव्हमध्ये टाकून गेला."

मला विचार करायलाही वेळ लागला नाही. त्या हातातला शिक्का पाहिला आणि सगळं लख्ख दिसलं. शिक्का बसणार, बाबा तुला पत्र लिहिणार, तू परत येणार, कापायच्या टेबलाशी उभा राहणार, आणि मी मरेपर्यंत गोंडे बांधणार.

बाबांनी हातोडा खाली घेतला. "असं का," म्हणाले, आणि शिक्का जाऊन खणात ठेवला. गुरुवारी विचारलं, "रापी धरता येते का तुला?" मी म्हटलं, येते. तीन वर्षं चामड्याच्या टाकाऊ तुकड्यांवर मी चोरून तेच कापकाम करत होते.

मग ग्लासगोहून तुझं पत्र आलं, माझी थैली तेवढी पाठवून दे. मी तुला लिहिलं, बाबांनी जाळली. एकच स्टोव्ह, दोन जाळणारे, आणि जळलेलं काहीच नाही. तुम्हा दोघांतल्या कोणीही दुसऱ्याला एक प्रश्न विचारला असता तर माझं पितळ उघडं पडलं असतं. पण तुम्ही आपल्या घरातले पुरुष. विचारणार कशाला? तू कॅनडाला जाऊन शाळेची बस चालवलीस, त्यांनी दर नाताळला तुझ्या कार्डाची मागची बाजू वाचली, आणि मी पुढे टेबलाशी उभी राहिले.

मी चांगली होते, यूअन. हे मी मान खाली घालून सांगणार नाही. बाबांच्या हातापेक्षा माझा हात हलका होता आणि गिऱ्हाइकांना ते कळत होतं. ती जागा मी मागून घ्यायला हवी होती. मागितली असती तर मिळाली नसती, हेही खरं. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं धुऊन निघत नाही. मी धुऊन पाहिलंय.

एकोणनव्वद साली, हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या आठवड्यात, बाबांनी एकदा डोळे उघडले आणि विचारलं, "एफी, त्याच्या त्या घडीला शिवण एक होती का दोन?" सतरा वर्षांनंतर. थैली घरी, उशीच्या अभ्र्यात, माझ्या कपाटात होती. बसने दहा मिनिटं. मी म्हटलं, "आठवत नाही, बाबा."

गेल्यावर तुला फोन न करता उशिरा तार केली ती मुद्दाम, अंत्यविधीला पोचता येणार नाही अशा बेताने. पहिल्या पत्रात तू आला नाहीस म्हणून मी तुला टोमणा मारलाय. तो परत घेते.

पन्नास वर्षं दर महिन्याला मी पाद्र्याकडे जाऊन सांगते की मी तापट आहे. ते म्हणतात, हो, माहीत आहे. तीन प्रार्थना देतात. हे मी कधी सांगितलं नाही.

आता रूरी. गेल्या रविवारी त्याने थैली उजेडात धरली, झाकण पूर्ण मागे दुमडलं, आणि घडीच्या आत आरीच्या टोकाने कोरलेलं वाचलं: यूअन, ७२. तू ते कोरलं होतंस हे मलाही माहीत नव्हतं. मी कधी ती घडी इतकी मागे नेली नव्हती, चामडं तडकेल म्हणून.

तो हसला नाही. "आजी, पणजोबांनी मामाआजोबांची थैली जाळली, हे तूच ना सांगायचीस?"

"हो."

"लहानपणी मला पणजोबांचा राग यायचा त्यावरून."

मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

"हीच ना ती?"

"हीच."

कर्स्टी उठून बागेत गेली. अशी मुलगी मिळायला नशीब लागतं. कधी आत यायचं ते सगळ्यांना कळतं, कधी बाहेर जायचं ते फार थोड्यांना. रूरीने माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि राहिलेले बटाटे स्वतः सोलले. शेवटचा पातेल्यात टाकून म्हणाला, "मी हीच घालणार. पण त्यांना विचारून. त्यांनी नाही म्हटलं तर थैलीशिवाय जाईन, रुमाल मोज्यात खोचीन. तू सांगतेस का मी फोन करू?"

मी दोन रविवार मागून घेतले. पहिला हे पत्र लिहिण्यात गेला, सात कागद फाडून. ११ ऑगस्टला तो तुला फोन करील. तोवर हे पोचलेलं असेल. त्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्या हातचं मिळावं, एवढीच माझी धडपड आहे. त्याला काय सांगायचं ते तू ठरव. त्यात माझी भीड धरू नकोस.

या पत्राबरोबर डबा आहे. त्यात शिक्का आहे. रूरी म्हणतो तूच मार, आजी, त्यांना चालेल. चालेल की नाही ते मला माहीत नाही, आणि ज्या हाताने तो थांबवला त्या हाताने तो मारायचा नाही, एवढं माझं ठरलंय. तुला तुझ्याकडे ठेवायचा असेल तर ठेव, समुद्रात टाकायचा असेल तर समुद्र तुझ्या दारात आहे. येणार असलास तर घेऊन ये. चामडं बावन्न वर्षांचं आहे, फार कोरडं झालंय. आदल्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावं लागेल, आणि मग एकच घाव. दुसरा मारला की ठसा दुहेरी दिसतो. हे तुला मी सांगायला नको. पण तू विसरला असशील तर ते माझ्यामुळे, म्हणून सांगते.

हातोडा बाबांचाच आहे, इथे, खणात.

आणि पहिल्या पत्रात मी तुझ्या थैलीबद्दल जे लिहिलं ते विसर. बॅजर मला कधी आवडला नाही. गोंडे तर मुळीच नाहीत. सहा वर्षांत मी साडेतीन हजार तरी बांधले असतील आणि पुढे चाळीस वर्षं लोकांना सांगत राहिले की त्यांच्याशिवाय शोभा नाही. तुझी थैली मला पहिल्या दिवशीच आवडली होती. बाबांनी विचारलं तेव्हा हेच सांगायचं होतं.

तुझ्या टेबलाशी उभी राहिलेली,
तुझी धाकटी बहीण
एफी